टेबलापुरता आवाज

फळबाजारात तिला भोंगा म्हणत, आणि त्यात तिला काडीचाही कमीपणा वाटत नसे. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज बारीक असेल तर मागच्या रांगेतला व्यापारी बोली लावायचा राहून जातो आणि चांगला माल पडेल भावात जातो. भोंगाबाईच्या गाळ्यावर असं कधी झालं नाही. उलट्या पेटीवर उभी राहून, हात उंच करून तिने सफरचंदांचा भाव पुकारला की पलीकडच्या शेडमधले हमालसुद्धा माना वळवत. तोच आवाज ती रोज घरी घेऊन यायची. दुसरा कुठून आणणार? घरासाठी वेगळा घसा कुणी बाळगत नाही.

आता मात्र तिची पोटची पोर हातची जायची वेळ आली होती. गुरुवारी दुपारी बालकल्याण कार्यालयाच्या मॅडम घरी येणार होत्या. त्या बसणार, बघणार, दोघींशी बोलणार आणि ठरवणार, की पंधरा वर्षांची लेक आईजवळ राहील की शहराबाहेरच्या मुलींच्या निवासगृहात जाईल. एकदा गेली की सज्ञान होईपर्यंत तिथेच. आईने महिन्यातून एकदा जायचं, बाकावर बसायचं, भेटायचं आणि परत यायचं.

पोरगी वाईट नव्हती. असं प्रत्येकच आई म्हणते, पण ही खरंच नव्हती. बाप सोडून गेला तेव्हा ती चौथीत होती. त्याआधी नवराबायकोची भांडणं अशी व्हायची की भिंतीचा चुना पडावा. जाण्याआधी मात्र तो इतका गोड वागायला लागला, की भोंगाबाईला वाटलं, चला, संसार मार्गी लागला. मग एका सकाळी तो दार न वाजवता निघून गेला. पोर त्याबद्दल कधी बोलली नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र तिने शाळा बुडवायला सुरुवात केली, बस डेपोमागच्या टोळक्यात बसायला लागली, आणि दोनदा घरीच आली नाही. दुसऱ्यांदा सकाळी आली तेव्हा भोंगाबाईने आधी घर डोक्यावर घेतलं, आणि मग पोरगी कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आपटली. भुवईवर टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर पोरगी म्हणाली, पाय घसरला. आईला वेगळं बोलावून विचारलं, तर तीही म्हणाली, पाय घसरला. दोघींनी काहीएक ठरवलं नव्हतं. डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं आणि कार्यालयाला फोन केला.

कार्यालयाने लगेच पोरगी नेली नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी ताईला पाठवलं. पोरं घरातून उचलण्याआधी घर सावरता येतं का ते बघायचं, हे ताईचं काम. ती वयाने लहान, अंगाने काडी आणि आवाजाने त्याहून बारीक. पहिल्या दिवशी भोंगाबाई मनात म्हणाली, ही काय आमचं घर सावरणार, हिलाच वारा सुटला की धरून ठेवावं लागेल. पण ताई चिवट निघाली. तिने शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेची समजूत काढली. पोरीला शिवणाचा वर्ग नको होता, तिला दुचाकी दुरुस्तीच्या वर्गात घातलं, आणि तिथे पोरगी खरंच रमली, नखात ऑइल घेऊन घरी यायला लागली. बाजारातल्या मुकादमाशी बोलून ताईने भोंगाबाईची संध्याकाळची पाळी सोडवली. हे सगळं करताना ती कधी उपकार केल्यासारखी वागली नाही. ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून वाटाणे सोलता सोलता बोलायची.

आणि तिने नियम घालून दिला. आवाज टेबलापुरता. समोर बसलेल्याला ऐकू जावा, भिंतीला जाऊ नये.

"राग आला की तीनच वाक्यं, मावशी," ती म्हणायची. "मी काय पाहिलं. मला काय वाटलं. माझी काय विनंती आहे. बस."

"आणि चौथं तोंडातून आलं तर?"

"गिळायचं."

भोंगाबाईच्या तोंडात कधी तीळ भिजला नव्हता. पण पोरीसाठी तिने ती तीन वाक्यं शाळेतल्या कवितेसारखी घोटली. सरावाला धाकटा भाऊ बसायचा, तो बाजारातच काट्यावर माल तोलायचा. पोरीचा हा मामा बिनलग्नाचा, जिना उतरून खालच्या खोलीत राहायचा. तो भाचीची नक्कल करत मान उडवून म्हणायचा, "नाही येणार मी घरी, काय करशील?" आणि ही डोळे मिटून सुरू करायची, "तू घरी येत नाहीस हे मी पाहिलं. मला काळजी वाटली. माझी विनंती आहे की..." इथवर आली की मामा पोट धरून हसायचा. "अगं, ही तू नाहीसच! बँकेच्या फोनमधली बाई आहे!"

मामाला हसू यायचं. पोरीला आलं नाही.

पहिल्यांदा आईने ती तीन वाक्यं म्हटली तेव्हा पोरगी बूट काढता काढता थांबली. आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणून आत गेली. त्यानंतर घरात भांडण झालंच नाही. ताई खूश झाली. वातावरण निवळलं असं तिने कार्यालयाला कळवलंही. भोंगाबाईला मात्र काहीतरी खुपत होतं, आणि काय खुपतंय ते कळत नव्हतं. पोरगी ताट आपणहून उचलून ठेवायची. "येते" म्हणून सांगून जायची. आणि रोज थोडी उशिरा यायची. दिवेलागणीच्या आत घरी, असं ठरलं होतं. ती दिवे लागल्यावर यायला लागली, मग जेवणं उरकल्यावर. आली की दारातच उभी राहून आईच्या चेहऱ्याकडे बघायची, काहीतरी शोधत असल्यासारखी. आई तीन वाक्यं म्हणायची. पोरगी "बरं" म्हणायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो भोंगाबाईने त्या दिवसांत पोटभर खाल्ला.

बुधवारी, मॅडम यायच्या आदल्या संध्याकाळी, दिवे लागले तरी पोरीचा पत्ता नव्हता.

भोंगाबाई खिडकीत उभी होती. खाली रस्त्यावर दुकानांच्या पाट्या उजळल्या होत्या. रस्त्याच्या टोकाला डेपो, त्याची निळी पाटी इथूनही दिसायची. मामा जिना चढून वर आला आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"आली?"

"नाही."

"मग हाक मार की! तुझी एक हाक डेपोच्या पार पलीकडे जाते. लहान होती तेव्हा कशी हाकेसरशी पळत यायची!"

"ताई म्हणाल्यात, मागे लागायचं नाही. विश्वास ठेवायचा."

"अगं, उद्या त्या मॅडम येणार! आज ही आलीच नाही तर सगळंच मुसळ केरात."

"म्हणूनच हाक मारायची नाही. सगळी गल्ली ऐकेल, आणि उद्या कुणीतरी मॅडमच्या कानात ओतेल, की बाई काल पुन्हा बोंबलत होती."

तिचंही खरं होतं. भोंगाबाईने खिडकीचा गज धरला. घशात हाक येऊन बसली होती, सुपारी अडकावी तशी. आपली पोर अंधारात कुठेतरी आहे आणि आपल्याला तिला हाक मारायची चोरी, असले दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत असं तिला वाटलं. तिने मारली नाही हाक.

जेवणं खोळंबली तेव्हा कधीतरी जिन्यावर पावलं वाजली. पोरगी एकटी होती. तोंडाला कसला वास नाही, डोळे लाल, पण रडल्याचे. ती दारात थांबली. आईकडे बघितलं. आजचं बघणं रोजच्यापेक्षा लांबलं.

भोंगाबाईच्या अंगातलं सगळं रक्त धावत जाऊन तिला कवटाळायला आणि एक रट्टा हाणायला निघालं होतं. ती टेबलाशी बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"तू उशिरा आलीस हे मी पाहिलं," ती म्हणाली. "मला काळजी वाटली. माझी विनंती आहे की उद्या वेळेवर यावंस."

पोरीचा चेहरा पडला. रागाने नव्हे. परीक्षेचा निकाल आधीच माहीत होता आणि तोच लागला, असा पडला.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग चेन ओढल्याचा.

दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेवर आल्या. चष्मा, करडे केस, बोलणं मोजकं. वाईट बाई नव्हती. उगाच गोड हसली नाही, हे भोंगाबाईला बरंच वाटलं. ताई बरोबर होती. मामा नवा शर्ट घालून भिंतीला पाठ लावून बसला होता. मॅडमनी खोली पाहिली, पोरीचं अंथरूण पाहिलं, आणि दाराशी ठेवलेली गच्च भरलेली बॅग पाहिली.

"ही कुणाची?"

"माझी," पोरगी म्हणाली. "मी तयार आहे. न्या मला."

ताईचा चेहरा पांढरा पडला. भोंगाबाईला ऐकू आलं ते कळायलाच वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिने बुडत्याने काडी धरावी तशी ती तीन वाक्यं धरली.

"तू बॅग भरलीस हे मी पाहिलं," ती टेबलापुरत्या आवाजात म्हणाली. "मला... मला वाईट वाटलं. माझी विनंती आहे की..." पुढचं येईना.

"बघा!" पोरगी मॅडमकडे वळली. "बघा कशी बोलते! हिला मी नकोय. तोंडाने म्हणत नाही एवढंच."

"त्या शांतपणे बोलताहेत," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर सांगतेय! बाबापण असेच बोलायचे. शेवटी शेवटी. आधी दोघं भांडायचे, ताटं आपटायचे, आणि मग एकदम बाबा गोड झाले. 'बाळा, जेवलीस का? बाळा, झोप हं आता.' आणि गेले. आता हीपण तशीच झालीय. मी कितीही उशिरा आले तरी काही म्हणत नाही. विनंती करते!" तिचा आवाज चिरकला. "काल मी डेपोच्या कट्ट्यावर बसले होते. एकटी. पोरं कधीच गेली होती. मला वाटलं, आता हाक मारेल. आता मारेल. तिची हाक तिथवर येते, मला माहितीय. मी कान लावून बसले होते. नाही मारली!"

ताईने तोंडावर हात ठेवला. आणि भोंगाबाई उठली. खुर्ची मागे पडली.

"नकोयस?" ती म्हणाली, आणि मग घशात अडकलेलं सगळं एकदम सुटलं. "नकोयस म्हणतेस? अगं भवाने, टवळे, तुझ्यासाठी मी जीभ दातांखाली धरून बसलेय! काल त्या गजाला धरून उभी होते, गज वाकायचा बाकी होता! तुला हाक मारायला घसा फाटत होता माझा, आणि मी मूग गिळून बसले, का? तर तू जाऊ नयेस! तू तिथे कान लावून बसलीस आणि मी इथे तोंड शिवून! आपल्यासारख्या शहाण्या दोघीच!" खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. मॅडम खुर्चीच्या कडेला सरकल्या. "विनंती बिनंती काही नाही! हुकूम आहे माझा! कुठेही जायचं नाहीस तू! आणि नेलीच तुला यांनी, तर त्या निवासगृहाच्या फाटकात पेटी टाकून उभी राहीन आणि रोज सकाळी तुझ्या नावाने पुकारा करीन! सगळ्या पोरींना झोप नको करून सोडीन! माझी पोर आहेस तू! माझी!"

शेवटच्या शब्दाला तिचा उजवा हात सवयीने वर गेला, बाजारात भाव पुकारताना जायचा तसा, उंच.

पोरगी एक पाऊल मागे सरली. तिचा हात आपोआप वर आला आणि भुवईसमोर धरला गेला.

भोंगाबाईने ते पाहिलं. इतका वेळ पोरगी आवाजासमोर छाती काढून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण त्यात भीती नव्हती, उलट कितीतरी दिवसांनी तिथे काहीतरी उजळलं होतं. हात वर गेला मात्र, आणि ती आकसली. भोंगाबाईने हात खाली घेतला, हळूहळू, दुसऱ्याचा असावा तसा.

"घाबरलीस?" मॅडमनी पोरीला विचारलं.

"आवाजाला नाही," पोरगी म्हणाली. मग घाईघाईने, "नाही, कशालाच नाही. ते असंच. त्या वेळी माझा पाय घसरला होता."

अजूनही ती तेच म्हणत होती. निवासगृहात जायला निघाली होती, बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि जाता जाता आईला झाकत होती. आता बोललं तर पोर आजच जाईल, हे भोंगाबाईला लख्ख दिसत होतं. न बोललं तरी चालेल, हेही दिसत होतं. मॅडमच्या हाती पुरावा काहीच नव्हता.

"पाय घसरला नव्हता," ती म्हणाली. "मी ढकललं होतं."

मामाने डोकं भिंतीला टेकलं.

"आजवर हे सांगितलं नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"नाही."

"का?"

"तुम्ही नेली असती तिला."

"आणि आता नेणार नाही असं वाटतं?"

"न्याल," भोंगाबाई म्हणाली. तिचा आवाज ना बाजारातला होता, ना टेबलापुरता. "पण ही एवढीशी पोर खोटं बोलून मला वाचवतेय, मॅडम. आईने लेकीला वाचवायचं की लेकीने आईला? दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. मी तिला दगड झाले असेन तर तुमची वीट बरी. फक्त तिला सांगा, की ती मला नकोशी झाली म्हणून गेली नाही. एवढं सांगा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला काय हवंय?" त्यांनी शेवटी पोरीला विचारलं. "बॅगेचं राहू दे. तुला काय हवंय?"

पोरीने आपल्या काळ्या नखांकडे बघितलं.

"राहायचंय," ती म्हणाली. "पण पुन्हा हात उचलला तर मी सांगणार. घसरला म्हणणार नाही परत."

"सांग," भोंगाबाई म्हणाली. "तुझ्याआधी मीच फोन करीन."

मॅडम उठल्या. आज त्या पोरीला नेणार नव्हत्या. पण प्रकरण मिटलेलंही नव्हतं. ताई आता रोज येईल, आणि ठरलेल्या वेळेलाच येईल असं नाही. त्या स्वतःही न सांगता येतील. मधल्या काळात पोरीच्या अंगाला हात लागला, तर मग बैठक नाही, चर्चा नाही, सरळ गाडी येईल. हे सगळं त्यांनी भोंगाबाईच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"आणि आवाजाचं काय, मॅडम?" मामाने चाचरत विचारलं.

"त्याचं खालच्या मजल्यावरच्यांशी बोलून घ्या," मॅडम म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

ताई दारात रेंगाळली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. "मावशी, मी आवाजाच्याच मागे लागले होते," ती म्हणाली. "आधी हाताचं बघायला हवं होतं."

"तुम्ही नसता तर बघायला पोरच उरली नसती," भोंगाबाई म्हणाली. "उद्या या. वाटाणे आणून ठेवते."

दार लागलं. मामा पडलेली खुर्ची सरळ करून, काहीतरी निमित्त काढून खाली निघून गेला. भोंगाबाई त्याच खुर्चीत बसली. पोरगी टेबलाच्या पलीकडे उभी होती.

"मुद्दाम ढकललंस?" तिने विचारलं.

"हो. राग आला होता. तू पडावीस म्हणून नाही. पण ढकललं मुद्दामच."

"मग?"

"मग तू पडलीस. रक्त आलं, आणि तू हललीच नाहीस. मला वाटलं, मेलीस."

"तू काहीच बोलली नव्हतीस तेव्हा," पोरगी म्हणाली. "मी डोळे मिटून पडले होते. तू नुसती उभी होतीस."

"आवाजच फुटेना," भोंगाबाई म्हणाली. "तुला हाक मारत होते. तोंड उघडत होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. जन्मात असं कधी झालं नव्हतं."

पोरीने हे ऐकून घेतलं. "मला वाटलं, तू निघून गेलीस," ती म्हणाली. "म्हणून मी डोळे उघडत नव्हते."

भोंगाबाईने टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी, भोकाड पसरून. खालची खिडकी पुन्हा उघडली. पोरगी येऊन आईच्या शेजारी बसली, आणि तिने तिला गप्प राहा म्हटलं नाही.